मापांची वही: दुःखाचं चित्र मिश्र माध्यमात कसं करावं

बाबा शिंपी होते. कराडला त्यांचं दहा बाय आठचं दुकान होतं. ते गेल्यावर आम्ही दोघी बहिणी दुकान रिकामं करायला गेलो, तेव्हा मशीन, इस्त्री आणि कपाट यांची सोय दोन दिवसांत लागली. मागे उरलं ते कुणालाच नको असलेलं सामान. मापांच्या सात वह्या, खाकी कागदावर कापलेले पॅटर्न, झिजून नखाएवढे झालेले खडू, बरणीभर बटणं आणि शाळेच्या गणवेशाचा एक आकाशी शर्ट. त्याची काजं करायची राहिली होती. मी ते सगळं एका पिशवीत भरून घरी आणलं आणि पुढे वर्षभर ती पिशवी उघडली नाही.

नंतर त्याच पिशवीतून माझी तीन चित्रं झाली. ती कशी केली, कुठे चुकले, कोणता गोंद सुटला आणि कोणती गोष्ट पुन्हा करणार नाही, ते इथे क्रमानं सांगते आहे. हातात कधी ब्रश धरला नसेल तरीही हे जमतं. गेलेल्या माणसाचा चेहरा काढायला बसलं की तो हुबेहूब येत नाही आणि आपण आणखी खचतो. मिश्र माध्यमात रंग, कागद, कापड, दोरा आणि अक्षरं एकाच फळीवर येतात, त्यामुळे चेहरा काढावाच लागत नाही. माणसाची वस्तूच तिथे हजर असते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे काम थरांचं आहे. एखादी गोष्ट लिहायची, चिकटवायची आणि मग झाकून टाकायची. झाकलेलं दिसत नाही, पण खाली असतं आणि वरचा रंग त्याच्यामुळे थोडा उंचसखल होतो. माझ्या दुःखाची ठेवण मला याच्याशी फार जुळणारी वाटली.

आधी फक्त गोळा करा

पहिल्या तेरा दिवसांत चित्राचा विचारही करू नका. घरात माणसं असतात, विधी असतात, कागदपत्रं असतात. त्या दिवसांत एकच काम करा: घर आवरणाऱ्या हातांपासून थोड्या वस्तू बाजूला काढून ठेवा. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे लवकर देऊन टाकतात, त्यामागे भावना चांगलीच असते. पण एकदा दिलेला सदरा परत येत नाही. एक पिशवी घ्या, तिच्यावर ‘हे टाकू नये’ असं लिहा आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.

काय ठेवावं? मौल्यवान वस्तूंपेक्षा हाताळलेल्या वस्तू कामाला येतात. किराणा सामानाची यादी, औषधाच्या वेळा लिहिलेला कागद, एसटीचं तिकीट, चष्म्याची दोरी, रुमाल, पंचांगाचं पान, ज्यावर त्यांनी दूधवाल्याचा हिशेब लिहिलाय. हस्ताक्षर असेल तर फारच उत्तम. बाबांचा ४ मला पाचासारखा दिसायचा, आणि गिऱ्हाइकांची मापं वहीत उतरवून घेताना लहानपणी मी त्यापायी कितीदा चुकले होते. तो ४ आज माझ्या चित्राच्या मधोमध आहे.

घरच्यांना विचारल्याशिवाय कात्री लावू नका

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. दुःख तुमच्या एकट्याचं नसतं. मी बाबांचा रोजचा चौकड्यांचा शर्ट कापायला घेतला होता, तेव्हा ताई म्हणाली, “तो नको गं. त्याला अजून वास आहे.” मी तो तसाच घडी करून तिच्याकडे दिला. चित्रात त्या शर्टाच्या जागी त्याच्या आकाराचा खाकी कागद आला, आणि खरं सांगते, तो जास्त बोलका झाला.

म्हणून आई, भाऊ, बहीण, वहिनी, जे कोणी असतील त्यांना वस्तू दाखवा आणि थेट विचारा: हे कापलं तर चालेल का? रंगाखाली गेलं तर चालेल का? ज्याला कोणी ‘नको’ म्हणेल, त्याची झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या. जुने फोटो, पत्रं आणि मापांच्या वह्यांची मूळ पानं तर कधीच चिकटवू नका. गोंद लागला की परतीचा रस्ता नाही. प्रत वापरा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा.

काहींच्या मनात चितेची राख किंवा अस्थींचा अंश वापरण्याचं येतं. तो निर्णय सगळ्या घराचा असू द्या. राख वापरलीच तर बारीक चाळणीतून गाळून अॅक्रिलिक मीडियममध्ये, म्हणजे अॅक्रिलिक रंगाच्याच जातीच्या बिनरंगी चिकट द्रवात, कालवावी लागते आणि ती उडते म्हणून तोंडाला मास्क हवा. मी स्वतः ते केलं नाही.

फळी तयार करणं

कॅनव्हासपेक्षा फळी बरी, कारण कापड, बटणं आणि ओला गोंद यांचं वजन ताणलेल्या कॅनव्हासला झेपत नाही, तो मधे बसतो. प्लायवुडच्या दुकानातून ६ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) १२ बाय १६ इंचांचा तुकडा कापून आणा. पहिल्या चित्रासाठी यापेक्षा मोठं नको. मोठी फळी रोज समोर उभी राहते आणि तिच्यापुढे आपण थकतो.

एमडीएफ पाणी पितो आणि वाकतो. म्हणून पुढून, मागून आणि कडांनाही जेसोचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, हात द्या. मागची बाजू लोक विसरतात आणि मग फळी पापडासारखी वळते. पुढून दोन हात द्यायचे, पहिला आडवा आणि तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा. फार गुळगुळीत करू नका, पुढचे थर धरायला थोडा खरखरीतपणा लागतो.

पहिला थर: लिहा

फळी वाळली की तिच्यावर लिहायचं. जे बोलायचं राहिलं ते, आणि जे कुणाला सांगता येत नाही तेसुद्धा. शुद्धलेखन, सुबक अक्षर यांची इथे गरज नाही. मी बाबांना लिहिलं होतं की शेवटच्या रात्री मी हॉस्पिटलमधून घरी झोपायला गेले, आणि तुम्ही ताईला दोनदा विचारलंत, धाकटी कुठे आहे. हे वाक्य मी त्याआधी कुठेच उच्चारलं नव्हतं. पुढची ओळ लिहायला मला तीन दिवस लागले.

कशानं लिहायचं, हे मात्र नीट निवडा. पेन्सिल चालते, पण वर ओला ब्रश फिरला की ती पसरते, म्हणून आधी पातळ मॅट मीडियमचा एक हात हलकेच द्यावा. बॉलपेन आणि मार्करची शाई कधीकधी वरच्या पांढऱ्या रंगातून पुन्हा वर झिरपते. मला ते आवडलं, पण तुम्हाला नको असेल तर पाण्यात कालवलेल्या अॅक्रिलिकनं बारीक ब्रश घेऊन लिहा.

लिहून झालं की लगेच झाकायचं नाही. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पांढरा रंग पाण्यात आणि मीडियममध्ये सैल करून त्याचा पातळ हात द्या. अक्षरं धुक्यातल्यासारखी दिसू लागतील. कुणालाच वाचता येऊ नये असं वाटत असेल तर आणखी दोन हात द्या. हा मजकूर तुमच्याशिवाय कुणी वाचायचा नाही, हे स्वतःशी आधीच ठरवून टाका. नाहीतर माणूस शोभेचं लिहू लागतो.

अक्षरं उतरवणं

मापांच्या वहीचं पान चित्रात कसं आणलं, हे मला सगळ्यात जास्त जण विचारतात. ही झेरॉक्सची करामत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनमध्ये टोनरची पूड असते आणि ती पाण्यानं विरघळत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई मात्र ओला हात लागताच वाहून जाते. त्यामुळे प्रत झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटरचीच हवी. कागद साधा, पातळ असू द्या. अक्षर सरळ उतरायला हवं तर दुकानदाराला ‘मिरर’ प्रत काढून द्यायला सांगा, म्हणजे छापील बाजू उलटी येते आणि फळीवर सुलटी होते.

फळीवर जेल मीडियमचा किंवा मॅट मीडियमचा सगळीकडे सारखा थर द्या. प्रत छापील बाजू खाली करून त्यावर ठेवा. जुन्या एटीएम कार्डानं मधून बाहेर दाबत हवा काढा. मग एक संपूर्ण रात्र हात लावू नका, पावसाळ्यात दोन रात्री. वाळल्यावर ओल्या स्पंजनं कागद भिजवा आणि बोटाच्या पेरानं हळू गोल चोळा. कागदाच्या लोळ्या निघू लागतात आणि खाली अक्षरं उरतात. एका दमात पूर्ण कागद काढायला जाऊ नका. भिजवा, चोळा, वाळू द्या, पांढुरकी साय दिसली की पुन्हा भिजवा. तीन-चार फेऱ्या लागतात. शेवटी राहिलेली पुसट साय मीडियमचा एक हात दिल्यावर जवळजवळ नाहीशी होते.

या चोळण्यात काही अक्षरं निघून जातातच. माझ्या पानावरचं ‘छाती’ राहिलं आणि ‘कंबर’ गेलं. पहिल्यांदा मी रडकुंडीला आले, दुसरी प्रत काढायला दुकानापर्यंत गेले आणि परत आले. गेलेलं अक्षर तसंच राहू दिलं.

कापड आणि टाके

आपल्या आज्या गेलेल्या माणसाच्या लुगड्याधोतराची गोधडी शिवत आल्या आहेत. जुन्या कापडावर धावदोरा घालत बसणं हे शोकाचं काम म्हणून कुणी शिकवलं नसेल, पण ते तसं होत असणार, हे मला शिवायला बसल्यावर कळलं. त्यामुळे शिवण या चित्रात यावीच, असा माझा आग्रह आहे.

एमडीएफवर सुई चालत नाही. म्हणून आधी मांजरपाटाचा तुकडा धुऊन घ्या, त्यातली कांजी निघून जाते आणि आटायचा तेवढा तो आटतो. त्यावर कापडाचे तुकडे टाचून धावदोरा घाला. टाके सरळ आले नाहीत तर बरंच. नंतर हा अख्खा तुकडा फळीवर चिकटवा. आधी फळीला मीडियम, मग कापड, मग वरून पुन्हा मीडियम, म्हणजे गोंद धाग्यांत मुरतो. रेशीम आणि तलम कापडावर गोंदाचा डाग उमटतो, तेव्हा कडेचा एक बारीक तुकडा आधी तपासून पाहा. जरीची तार काळी पडते. ती हवीच असेल तर वरून वार्निशचं पांघरूण लागेल.

गोंदाचं सांगते. पांढरा गोंद, ज्याला आपण सगळे फेविकॉलच म्हणतो, तो कागद-कापड उत्तम धरतो, पण वाळल्यावरही पाणी लागलं की मऊ होऊ शकतो. माझ्या पहिल्या चित्राचा एक कोपरा याच कारणानं सुटला, मी वरून फार ओला रंग दिला होता. खालच्या थरांना तो चालेल, वरच्यांना अॅक्रिलिक मीडियम. मैद्याची खळ मात्र टाळा. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी असतं, घरात लहान मुलं असताना ते प्रयोग नकोत आणि नुसत्या खळीला कसर लागते.

बटणं, चाव्या, चष्म्याची काडी अशा जड वस्तू गोंदावर सोडू नका. दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा किंवा बारीक भोक पाडून दोऱ्यानं बांधा. टाचण्या गंजतात. तो तांबूस डाग मला हवा होता, म्हणून मी दोन टाचण्या ओल्या मांजरपाटावर आठवडाभर ठेवल्या, डाग उमटल्यावर काढून घेतल्या आणि वरून मीडियम दिलं.

रंग

दुःख म्हटलं की हात काळ्याकडे जातो. थोडं थांबा. गेलेल्या माणसाचा रंग कोणता होता? माझ्या बाबांचा आकाशी आणि खाकी. मे-जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची गर्दी असायची, रात्री अकरा-अकरापर्यंत मशीन चालायचं, आणि घरभर त्या दोन रंगांच्या कतरणी पडलेल्या असायच्या. माझ्यासाठी शोकाचा रंग तोच आहे.

तीनच रंग निवडा आणि त्यांच्या छटा करा. खाकीसाठी यलो ऑकर, त्यात बर्न्ट अंबर आणि काळ्याचा अगदी सुईच्या टोकाएवढा अंश. आकाशीसाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये थॅलो ब्लू, तोही थेंबाथेंबानं, कारण तो फार जोरकस असतो. पहिल्या मिश्रणात मी उलट केलं, निळ्यात पांढरा घालत गेले आणि अर्धी ट्यूब संपली तरी रंग गडदच.

घरातले रंगही येऊ द्या, फक्त त्यांचा स्वभाव ओळखा. हळद उजेडात उडते, काही महिन्यांत फिकी पडते. गेरू ही माती आहे, ती टिकते. मीडियममध्ये कालवली की गेरू सुरेख बसतो. चहाच्या पाण्यानं कागद जुनासा होतो, पण आधी वाळवून मग चिकटवा. वर्तमानपत्र पिवळं पडणार, हे धरूनच चाला. शिंप्याचे खडू दोन जातींचे असतात. मातीच्या खडूची रेघ पुसली जाते, ती फिक्सेटिव्हच्या (खडूची पूड जागेवर धरणाऱ्या द्रवाच्या) फवाऱ्यानं धरून ठेवावी लागते. मेणाच्या खडूवर अॅक्रिलिक बसतच नाही, रंग थेंब होऊन सरकतो. ऑइल पेस्टलचंही तसंच. म्हणून तेलकट आणि मेणकट गोष्टी सगळ्यात शेवटी. अॅक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर अॅक्रिलिक नाही.

खरवडणं

झाकून झालं की थोडं उघडायचं. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयानं गेली, ती १५ वर्षांची होती. काही वर्षांनी, १८८५-८६ मध्ये, आजारी मुलीचं चित्र करताना त्यानं रंग पुन्हा पुन्हा लावला आणि खरवडला, ते ओरखडे चित्रात तसेच दिसतात. पुढच्या ४० वर्षांत तो त्याच चित्राकडे परत परत आला, रंगवलेल्या एकूण सहा आवृत्त्या केल्या. हे वाचल्यावर मला फार धीर आला. एका चित्रात हे संपवायची सक्ती कुणी केलेली नाही.

खरवडायला पॅलेट नाइफ, बोथट सुरी किंवा पॉलिश पेपर घ्या. वरचा थर नुकता वाळत आलेला असताना ओढलं तर खालचा रंग रेघेसारखा दिसतो. पूर्ण वाळल्यावर पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासलं तर धुरकट ठिपके निघतात. कुठे उघडायचं हे आधी ठरवू नका. मी शिवणीच्या रेघा धरून घासलं आणि खालचं एक अक्षर वर आलं. ‘धाकटी’ मधला ‘ध’. तिथे मी थांबले.

किती वेळ बसायचं

रोज ४० मिनिटं. मोबाइलवर गजर लावा आणि तो वाजला की ब्रश धुवा, चालू रेघ अर्धी असली तरी. ब्रश धुणं, हात धुणं, चहा ठेवणं हा क्रम रोज पाळा. त्यामुळे मनाला कळतं की आजचं झालं. रात्री उशिरा बसू नका, मी बसले होते आणि पहाटेपर्यंत झोप लागली नव्हती. फळी झोपायच्या खोलीत ठेवू नका. काम नसेल तेव्हा तिच्यावर जुनी चादर टाकून ठेवा.

काही दिवस नुसतं फळीसमोर बसून उठाल. ते दिवसही मोजा. जर्मन चित्रकर्ती केथे कोलवित्झ हिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्यासाठीचं स्मारकशिल्प तिनं सुरू केलं, मधे सोडलं, पुन्हा घेतलं. शोक करणारे आई-बाप गुडघ्यांवर बसलेले, अशी ती दोन शिल्पं बेल्जियममधल्या दफनभूमीत १९३२ मध्ये उभी राहिली.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. आठवडेच्या आठवडे जेवण-झोप गेली असेल, घरातली साधी कामं होत नसतील, किंवा आपणही जगू नये असं मनात येत असेल, तर चित्र बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. ‘टेलिमानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. रंग आपल्याशी बोलत नाहीत आणि रात्री दोन वाजता बोलणारं कुणीतरी लागतं.

संपवणं आणि जपणं

चित्र झालं हे कसं ओळखायचं? माझी खूण अशी की सलग तीन दिवस पाहूनही कुठे हात लावावासा वाटला नाही. सुंदर झालं का, हा प्रश्न मी विचारला नाही. तुम्हीही विचारू नका, आणि पाहुण्यांना लगेच दाखवूही नका. ‘छान झालंय’ हा शब्द त्या वेळी फार लागतो.

दोन आठवडे वाळू द्या. मग मॅट वार्निशचे दोन पातळ हात द्या. चकचकीत वार्निशनं कापड प्लॅस्टिकसारखं दिसतं. काच लावायची असेल तर बटणांना ती टेकणार नाही अशी खोल चौकट करून घ्या. थेट उन्हाची भिंत नको, बाथरूमला लागून असलेली ओली भिंत नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळायला हवी, म्हणून मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा. श्रावण संपला की एकदा उतरवून मागे बुरशी आली आहे का ते पाहा, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.

मागच्या बाजूला तारीख आणि वापरलेल्या वस्तूंची यादी लिहा. कोणता कागद कुणाच्या वहीतला, कोणतं कापड कशाचं, सगळं. पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी ते लागेल.

ही यादी लिहिताना माझ्या लक्षात आलं की सातही वह्यांत अर्ध्या कराडची मापं आहेत, पण बाबांचं स्वतःचं माप कुठेच नाही. स्वतःचे कपडे ते अंदाजानं बेतायचे. मी ताईकडे गेले, तो चौकड्यांचा शर्ट जमिनीवर पसरला आणि त्यांच्याच टेपनं मोजला. ताई आकडे लिहून घेत होती. फळीच्या मागे, त्यांच्या वहीत असतात त्याच क्रमानं, आता ते आहेत: उंची २९, छाती ४२ (लूज धरून), शोल्डर १७॥, बाही २३॥, कॉलर १५॥.